डांबर लावलेली नाव

आमच्या संदीपला दिसेल ते वहीत उतरवायची खोड. स्पर्धा परीक्षेच्या मेन्सला यमुनेच्या जलवाहतुकीवर प्रश्न येणारच, असं ठरवून त्याने मला रविवारी घाटाघाटांवरून पायी फिरवलं. एक म्हातारा नावाडी उपड्या नावेला डांबर लावत होता.

"चाचा, पूर्वी नावेतून काय यायचं?"

"धान्य, लाकूड."

"आणि आता?"

"आता पोलीस बोलावतात. बुडालेल्यांना काढतो."

संदीपने तेही लिहिलं. वही बघून चाचांनी विचारलं, "परीक्षावाले का? रिझल्ट कधी?"

मला वाटलं, आता आशीर्वाद देतील. मी म्हटलं, "प्रीलिम्सचा पुढच्या आठवड्यात."

"अच्छा," ते डांबराचा ब्रश उचलत म्हणाले, "मग त्याआधी नाव पाण्यात उतरवायला हवी."

संदीपने हे मात्र लिहिलं नाही.