तीनच्या भोंग्याला उठलेलं प्रेत

नाही हो साहेब, भांडायला नाही आलो — बसा बसा, खुर्ची सोडू नका — पिशवीत कांदेच आहेत, चाकणचे, घरी न्या. मी ज्योतीराम. रविवारच्या पेपरात तुम्ही ज्या पिक्चरला अर्धी चांदणी दिलीत ना, ज्यात अकरावीतली मुलगी मे महिन्यात रेनकोट घालून खुनी शोधते — तो माझ्या नातीनं काढलाय, उत्कर्षानं. एकोणीस वर्षांची आहे. मला वाचता कमी येतं, शेजारच्या पिंकीनं वाचून दाखवलं. आधी बरंच वाटलं — म्हटलं, अख्खी चांदणी कुणीही छापेल, अर्धी कापायला केवढी मेहनत! मग पिंकीनं समजावलं.

बाकीचं असू द्या. अंधार फार आहे म्हणालात — आहे. गुंड पोरगा सिगारेटऐवजी पेन्सिल चघळतो — चघळतो, त्याची आई तिथंच उभी होती. पण ते एक वाक्य — 'ऐन दुःखाच्या प्रसंगात प्रेत उठून डबा शोधतं, दिग्दर्शिकेला मरणही गंभीरपणे घेता येत नाही' — तेवढं तिच्या नावावर नको. का? अहो, प्रेत मी होतो!

कांदा मार्केटात पडलो होतो, पोत्यांच्या मधे, तोंडावर गोणपाट. ती रेनकोटवाली माझ्यापाशी बसून रडत होती — कांद्यांमुळं छान रडत होती — आणि पलीकडच्या कंपनीचा तीनचा भोंगा झाला. एकतीस वर्षं तिथंच शिफ्ट केली हो मी. भोंगा झाला की अंग आपोआप उठतं, हात डब्याकडं जातो... आपण मेलोय हे अंगाला कोण सांगणार?

पुन्हा का नाही घेतलं? घेतलं की! चांगलं पाच वेळा. पाचही वेळा व्यवस्थित मेलो. उत्कर्षा म्हणाली, आबा, ते उठलेलं कापून टाकते. मी म्हटलं — हे कुठं बोलू नका हां — म्हटलं, राहू दे गं. कारण त्या पाचांत तोंडावर गोणपाटच आहे, आणि उठलो तिथं ते खाली पडतं... माझं तोंड दिसतं. अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढंच. वाटलं, गोजानं बघावं — बायको माझी. बघितलं तिनं. म्हणाली, मेल्यावरच बरे दिसता.

तर माझ्या शब्दाखातर पोरीनं ठेवलं. आजोबाची चूक आहे असं कुणाला सांगितलंही नाही. आता तुमचं ते वाचून कॅमेरा पोत्यात घालून माळ्यावर टाकलाय, उद्या कंपनीत अर्ज द्यायला निघालीये. कंपनी वाईट नाही, मी जगलोच तिच्यावर — पण ह्या पोरीला कशाला त्या भोंग्याची सवय? म्हणून म्हणतो, दोन ओळी छापा — चूक प्रेताची.

काय?... हसलात? कुठं — थेटरात? त्याच जागी? डोळ्यांत पाणी येईस्तोवर? आणि शेजारचेही?... मग साहेब, पेपरात दुसरंच कसं लिहिलंत? नाही, मला नका समजावू. हा फोन धरा. नंबर लावलाय, ती उचलेल. आत्ता मला सांगितलंत ना, तेच तिला सांगा. मी बाहेर थांबतो.