मागच्या खाचेवरचे घाव

(जुन्या सायकलींचं दुकान. टेबलावर पोलादी रेसिंग सायकलची फ्रेम, चाकं नसलेली. एका बाजूला दुकानदार. समोर ताई आणि तिचा धाकटा भाऊ.)

दुकानदार : ...आणि नळ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ही टिचकी मारतो, ऐका. कशी खणखणीत वाजते! पातळ पोलाद, वजनाला हलकं. सांधे हातानं कानस लावून घासलेत. असं काम आता कोण करतंय?

भाऊ : म्हणजे किंमत चांगली येईल.

दुकानदार : थांबा साहेब, घाई नको. रंग मूळचा आहे, नंबर जागेवर आहे, आत गंज नाही. दोरी ताणून बघितली, फ्रेम कुठे वाकलेली नाही. अडचण एवढीच, इथे. मागचं चाक बसतं त्या खाचेपाशी. हे घाव सायकल पडल्याचे नाहीत. कुणीतरी हातोडा चालवलाय.

भाऊ : बाबांचं घर रिकामं करताना हमालांनी आदळली असेल.

ताई : हमालांच्या माथी कशाला मारतोस? बाबांनी घातलेत ते घाव.

भाऊ : बाबांनी? काहीतरीच काय!

ताई : मागचं चाक निघेना. पाना मी लपवून ठेवला होता, म्हणून मग हातोडा. मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी. तू तेव्हा नुकता रांगायला लागला होतास, तुला काय आठवणार?

दुकानदार : शर्यत? कुणाची?

ताई : माझी. याची वाटली का तुम्हाला? हा स्टँडवर उभी केलेली सायकलसुद्धा पाडतो.

दुकानदार : तरीच. फ्रेमचं माप लहान आहे. मला वाटलं, कुणा शाळकरी मुलाची असेल.

ताई : असं वाटणारे तुम्ही पहिले नाही.

भाऊ : पण बाबांनी चाकं काढलीच कशाला?

ताई : माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी अर्ध्या चड्डीत गावभर सायकल पिटाळते, हे तिकडच्या कानांवर जायला नको. चाकं गेली भंगारात आणि ही माळ्यावर. मी गेले सासरी. सगळं कसं यथासांग पार पडलं.

भाऊ : मला कुणी बोललंच नाही कधी.

ताई : तू विचारलंस कधी?

दुकानदार : असं करू या का? घाव भरून घेतो, वरून जुळता रंग मारतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.

ताई : ज्या बापाला कळायला हवं होतं, तो गेला. भरायचे नाहीत.

भाऊ : ताई, अगं मी एका हॉटेलवाल्याला शब्द देऊन बसलोय. भिंतीवर लावणार आहे तो, वरून दिवे सोडणार आहे. एवढी शोभा तिला कुठे मिळणार?

ताई : माळ्यावर आडवी होती, आता भिंतीवर उभी. बढतीच म्हणायची! नाही विकायची.

भाऊ : हा काय पोरकटपणा? घरातली वस्तू आहे, दोघांची.

ताई : दोघांची? लोकांची पोरं शिकवून, पै पै साठवून घेतली मी ही. बाबांचा यात हातोडा तेवढा आहे.

दुकानदार : मॅडम, घाव तसेच ठेवलेत तर गिऱ्हाईक निम्म्यावर येईल. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही.

ताई : गिऱ्हाईक राहू दे. धावेल का, ते सांगा.

दुकानदार : धावेल? पळेल! घाव वरवरचे आहेत, खाच शाबूत आहे. चाकं, ब्रेक, साखळी चढवली की झालं.

ताई : मग चढवा.

भाऊ : तू चालवणार? साठी उलटली तुझी! परवा गुडघ्याचं निमित्त सांगून आमच्याकडे वर आली नाहीस.

ताई : तुमच्याकडे जिने आहेत. रस्त्याला जिने नसतात.

भाऊ : लोक हसतील, ताई.

ताई : हसू देत. मागे पडलेल्यांना दुसरं काम काय?

भाऊ : आणि हॉटेलवाल्याला मी काय तोंड दाखवू?

ताई : सांग, मालकीण सापडली.

भाऊ : तू ना... बरं. सांगतो.

दुकानदार : मॅडम, पेडल मात्र साधे लावतो. शर्यतीच्या त्या पट्ट्यांच्या पेडलमध्ये पाय अडकून राहतो. सिग्नलला पटकन खाली टेकवता येत नाही, आणि आता या वयात...

ताई : पट्ट्यांचेच लावा.