दुर्बिणीचं गाऱ्हाणं

हॅलो?… हां, बोल गं संचिता… येतोय, येतोय आवाज. स्वयंपाकघरात आहे मी. थांब, एक्झॉस्ट लावते… असू दे गं आवाज, मुद्दामच लावलाय. बाहेर तुझा दादा बसलाय ना…

बाल्कनीत. हातात चमचा घेऊन… अगं, बोलायचं नाहीये त्याला. आवाजाला विश्रांती दिलीय डॉक्टरांनी, कुजबुजायचंसुद्धा नाही. मग ग्रिलवर चमचा वाजवतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सकाळपासून नुसतं दोनदाच वाजतंय.

हो, हो… गणपतीला येणार ना, तिकिटं काढलीत… गाऱ्हाणं?… अगं ऐक ना. काकांना म्हणावं, यंदा गाऱ्हाणं दुसऱ्या कोणीतरी घाला… माहितीय गं मला. तुझा दादा देवापुढे उभा राहिला की पार खळ्यापर्यंत ऐकू जातं, आणि मग सगळं घर 'व्हय म्हाराजा' म्हणतं. लग्न होऊन आल्यापासून मीही म्हणतेय. पण तो आवाज राहिलाय कुठे?

एमआरआय? हो, नॉर्मलच आला. पेढे वाटले ना आपण. तू गावात वाटलेस, मी अख्ख्या विंगला… तिथेच चुकलं गं.

चुकलं म्हणजे… डॉक्टरांनी सांगितलाच नव्हता तो एमआरआय. इतके दिवस घसा बसलाय तर आधी दुर्बीण करा म्हणाले होते. नाकातून बारीक नळी घालतात, टोकाला कॅमेरा. ते ऐकून तुझा दादा खुर्चीतून उठलाच. मग घरी बसून आम्हीच अक्कल चालवली. आधी मानेची सोनोग्राफी केली. मग आमचा यतीन म्हणाला, पप्पा, एमआरआय सगळ्यात भारी, त्यातून काही सुटत नाही. फॅमिली डॉक्टरच्या मागे लागून चिठ्ठी घेतली…

हो ना, मलाही तसंच वाटलं. एवढं मोठं मशीन, खोटं कशाला सांगेल? काल ऐटीत तो रिपोर्ट घेऊन गेलो घशाच्या डॉक्टरकडे. ते म्हणाले, मॅडम, हा बिल्डिंगचा नकाशा झाला. खांब, भिंती सगळं दिसतं. पण भिंतीवर नुकतीच ओल धरली असेल तर ती नकाशात दिसते का? तिथे टॉर्च मारूनच बघावं लागतं… नाही गं, एमआरआय वाईट नाही. तोही लागतो, सीटी लागतो, पण नंतर. किती पसरलंय ते बघायला…

कसलं?… काही नाही, असंच बोलले ते. सगळ्यांनाच सांगत असतील.

हं… त्या दुर्बिणीत एक लुकलुकणारा दिवा असतो म्हणे. आपण 'ई' म्हणायचं, मग आवाजाच्या दोन्ही पट्ट्या हळूहळू हलताना दिसतात. कुठली नीट हलते, कुठली आखडलीय, सगळं. एमआरआयमध्ये नुसतं गप्प पडून राहायचं, त्यात ते कसं कळणार?

उद्या सकाळी बोलावलंय दुर्बिणीला. मग काय. दोनदा चमचा… आबांमुळे, दुसरं काय. स्वतःच्या वडिलांचं बघितलंय ना त्याने. तू लहान होतीस. आबांना मुंबईला आणलं, घशात नळी घातली, आणि परत गेले ते गळ्याला भोक घेऊनच. नळी घातली की आवाज जातो, हेच बसलंय याच्या डोक्यात. अगं, नळीने नाही गेला आबांचा आवाज. नळी उशिरा घातली म्हणून गेला.

मी? मी कुठे काय लपवतेय… संचिता, रडू नकोस ना… बरं. सांगते. मिक्सर लावू दे, वाटण तसंही राहिलंय… येतंय ऐकू?… मोठ्याने बोलतेय गं… काल डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं. आरसा, आरसा. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा. याला लगेच उमळून आलं, हात झटकला त्यांचा. पण तेवढ्यात दिसलं त्यांना… मला एकटीला बाहेर बोलावलं… काय दिसलं? अगं, डावीकडच्या पट्टीवर पांढरं… पांढरं काहीतरी आहे, कॅन्सर असू शकतो म्हणाले, आणि तुझ्या दादाला मी अजून सांगितलं नाहीये…

…लाइट गेली.

सगळंच बंद पडलं गं. मिक्सर, एक्झॉस्ट… हो. शेवटचं ते केवढ्याने ओरडले मी.

चमचा वाजत नाहीये…

संचिता, तो दारात उभा आहे.

अहो… या, बसा इथे. बसा ना… नाही, बोलायचं नाही. हो, खरं आहे ते. 'असू शकतो' एवढंच म्हणालेत. नसेलही. नळी घातल्याशिवाय कळणार कसं?… दोनदा नका वाजवू. ठेवा तो चमचा खाली… फोन ठेवू नकोस गं संचिता.

मला भीती वाटते हो. काल रात्रभर तुमच्या घशाकडे बघत पडले होते. बाहेरून काय दिसणार?

दरवर्षी तुम्ही सगळ्यांसाठी मागता. पोराबाळांसाठी, गुराढोरांसाठी, चाकरमान्यांसाठी. आज मी घालते गाऱ्हाणं. तुमच्यासारखं नाही जमायचं, पण घालते… बा देवा म्हाराजा. आम्ही नको तो शहाणपणा केला, मोठ्या मशीनच्या नादी लागलो, ते पोटात घाल. उद्या सकाळी ती नळी नीट आत जाऊ दे. जे काय असेल ते दिसू दे, वेळेत दिसू दे. आणि या माणसाला माझ्याबरोबर रिक्षात बसायची बुद्धी दे…

…अहो, बोलू नका म्हटलं ना…

ऐकलंस, संचिता?… 'व्हय म्हाराजा' म्हणाला… तुला नाही आलं ऐकू? कसं येणार गं. आवाज कुठे होता, नुसता वारा. पण म्हणाला. ओठ बघितले मी.

आता तू म्हण. तिथूनच म्हण, मोठ्याने. फोन त्याच्या कानाला लावते… हं, म्हण… अहो, आलं ऐकू?… नाही?… संचिता?… कट झाला की काय… हॅलो?… हॅलो?