आ वासलेला राक्षस

मंडळी, पोटासाठी केलेल्या कामात देव उतरतो का हो? खेळणी खपावीत म्हणून काढलेलं पोरांचं कार्टून, त्यात कला असते का? आजोबा, मान नंतर हलवा, आधी ऐका!

पुण्यात विद्याधर खोत नावाचे लेखक कार्टून लिहायचे. त्या धंद्याची रीत उलटी. आधी खेळणं साच्यातून निघायचं, मग त्याला गोष्ट चिकटवायची. आधी वरात, मग स्थळ बघायचं!

एकदा खेळण्यांच्या कंपनीचा नवा राक्षस आला. हिरवा, डोळे बाहेर, तोंडाचा हा एवढा आ! मालक म्हणाले, पोरं टरकली पाहिजेत, म्हणजे त्याला मारणारा वीर खपेल. खोतांनी लिहिलं. जमलं हो, फारच जमलं! शुक्रवारी टीव्हीवर दाखवायचं ठरलं.

नमुना म्हणून घरी लावलं, आणि त्यांची पाच वर्षांची लेक ईरा टरकलीच. दिवसाढवळ्या न्हाणीघरात एकटी जाईना. जेवता जेवता दाराकडे बघे. खोत मनाशी म्हणाले, एका घरात ही गत, तर शुक्रवारी घराघरांत काय होईल?

राक्षसाचं तोंड बदला, म्हणायला मालकांकडे गेले. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं — माल तयार आहे, तोंड बदलणार नाही. जमत नसेल तर दुसरा लेखक बघू. खोतांना दरदरून घाम फुटला. बाहेर येऊन जिन्याजवळच्या आरशात बघतात तर काय? डोळे बाहेर, तोंडाचा आ! अहो, भ्यालेला माणूस असाच दिसतो ना?

तसेच जागेवर आले. शेवट बदलला, चित्रकारांकडून नवा काढून घेतला. राक्षस खायला येतच नव्हता. तो स्वतःच भेदरून ओरडत होता. वीरानं तलवार टाकली, त्याला कुशीत घेतलं.

मालक भडकले. "मग मी तलवारी कशा विकू?"

"राक्षस विका," खोत म्हणाले.

दुसरं काही करायला वेळ नव्हता, तेच दाखवलं. खोत पडद्याकडे बघतच नव्हते, ईराकडे बघत होते. तिनं त्यांचं बोट घट्ट धरलेलं. संपल्यावर उठली, टेबलावरचा खेळण्यातला राक्षस उचलला, आपल्या पांघरुणात घेतला.

"बाबा, दिवा राहू दे. याला भीती वाटते."

किती खपले, ते मला विचारू नका. खेळणं विकायलाच केलं होतं, पण ही माया कुणी साच्यात ओतली होती?

आणि आता तुमचं सांगा. एका घासासाठी पोराला बागुलबुवा दाखवता ना? खोतांनी निदान शेवट बदलला. तुमच्या बागुलबुवाचं पुढं काय झालं, ते पोराला कधी सांगितलंत?