दूधवाला नसलेलं नाटक

हेस्टर : ‘विंगेतच उभी राहा, हेस्टर. मी अडखळले तर मला तू दिसली पाहिजेस.’ ब्रिस्टलच्या पहिल्या दौऱ्यात असं कोण म्हणालं होतं, मॅडम? मी की तुम्ही?

कॉन्स्टन्स : विंगेत उभी राहा म्हटलं होतं. चहाचा ट्रे घेऊन रंगमंचावर ये, असं नव्हतं म्हटलं! कपडे सांभाळणारी बाई तू, आणि आज दुपारी भर प्रयोगात चालत आलीस?

हेस्टर : मग काय करणार? ‘कोण आहात तुम्ही?’ असं तुमच्या मुलाचं काम करणाऱ्या रूपर्टनं विचारलं. ‘वाट चुकलेय’ म्हणायचं सोडून तुम्ही तिसऱ्या अंकातलं बोललात, ‘तुझी आई.’ पोरगा घाबरून तिसऱ्या अंकातल्यासारखा गुडघ्यांवर बसलासुद्धा. पहिल्याच अंकात पडदा पडला असता.

कॉन्स्टन्स : म्हणून ‘बाईसाहेब, दूधवाला आलाय’? या नाटकात दूधवाला आहे का?

हेस्टर : तोंडाला आलं ते बोलले. खोटं बोलले म्हणून लगेच देवाची क्षमाही मागितली.

कॉन्स्टन्स : लोक मात्र हसले. टाळ्या पडल्या.

हेस्टर : पडल्या.

कॉन्स्टन्स : मग झालं तर. एखाद्या दुपारी होतं असं. हेस्टर, माझ्याकडे बघत का नाहीस?

हेस्टर : टाका घालतेय.

कॉन्स्टन्स : सुईत दोरा नाही तुझ्या.

हेस्टर : ओवतेय आता.

कॉन्स्टन्स : एकदाच झालं ना? खरं सांग.

हेस्टर : मला नका विचारू. रविवारी चॅपेलमध्ये देवाला तोंड दाखवायचंय मला.

कॉन्स्टन्स : म्हणून तर तुला विचारतेय. मॅनेजर गोडच बोलणार, माझ्या नावावर तिकिटं जातात त्याची.

हेस्टर : कंपनीतल्या पोरांनी खुणा ठरवल्यात, मॅडम. तुमचा हात गळ्यातल्या मोत्यांकडे गेला की समजायचं, वाक्य गेलं. मग रूपर्ट खुर्ची पाडतो, नाहीतर ऑलिव्ह खोकते.

कॉन्स्टन्स : ऑलिव्ह? मला वाटलं, पोरीची छाती कच्ची आहे. मी मध पाठवला तिला!

हेस्टर : खाल्ला तिनं. रडत रडत खाल्ला.

कॉन्स्टन्स : लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा छताचा गिलावा अंगावर आला. तरी माझा शब्द चुकला नव्हता.

हेस्टर : ठाऊक आहे. तुमच्या केसांतून मीच झाडला तो.

कॉन्स्टन्स : मोलकरणीपासून महाराणीपर्यंत सगळं केलं. घर नाही केलं, मूल नाही. हे गेलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हेस्टर?

हेस्टर : ते मला नाही सांगता यायचं. मी प्रार्थना करीन. चहा करून आणीन.

(बाहेरून हाक : ‘अर्धा तास, मॅडम!’)

हेस्टर : संध्याकाळच्या प्रयोगाची हाक झाली. केसांचा टोप चढवू?

कॉन्स्टन्स : मी आजारी पडले तर म्हणून ठेवलेली ती मिस प्राउझ… तिला माझी वाक्यं येतात?

हेस्टर : झोपेतही म्हणेल. दोन वर्षं वरच्या खोलीत लोकर विणत बसलीय बिचारी.

कॉन्स्टन्स : वचन दिलंय मी तिला. ‘एक तरी प्रयोग तुला मिळेल.’ मनात म्हणाले होते, मी मेल्यावर.

हेस्टर : मॅनेजरना बोलावू?

कॉन्स्टन्स : त्याला मागाहून सांगू, तो आरडाओरडा करील. टोप इकडे दे. तिचं डोकं लहान आहे, आतून पट्टी घालावी लागेल.

हेस्टर : वर जाताना बूट तरी घाला, मॅडम. जिन्यावरची फरशी गार आहे.

कॉन्स्टन्स : नको. बूट वाजले की ती उठून उभी राहील. आज तिनं बसूनच राहायचं, टोप मी चढवीन तिला.