उंबऱ्यावर पडलेलं शिसं

मंडळी, आज सकाळी बबन नावाड्याचा फोन आला. उजनीच्या पाण्यात रफीकभाईंची दोरी अजून तशीच आहे. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या बाभळीला बांधलेली, ताठ. "वारा न्हाय, पाण्याला वढ न्हाय," बबन म्हणाला, "पण मधनंच दोन ठोकं येत्यात, साहेब. म्या हात लावून बघितलं."

तुम्ही सगळे आपापली दुकानं बंद करून रफीकभाईंच्या शोकसभेला आलात. गेल्या रविवारी त्या होडीत मी होतो, म्हणून मला बोलायला सांगितलंत. तेच अवघड आहे.

रफीकभाईंचं बॅटरीचं दुकान तुम्हाला माहीत आहे. जुन्या बॅटरीचं शिसं वितळवून ते गळाला डोकं ओतायचे. आम्ही त्याला जिग म्हणतो. मागे रबराची शेपटी. थंडीत जिग हलका, शेपटी काळी. गारठ्यात मासा धावत नाही, तळाशी बसून नुसता बघतो. म्हणून गळ सोडला की ते वीस श्वास मोजायचे. हलायचे नाहीत. मी हललो की म्हणायचे, "पेपरवाले, तुम्हाला लई घाई. हितं काय आवृत्ती सोडायचीय?"

दर थंडीत जागा एकच. त्या पाण्याखाली त्यांचं गाव आहे. धरण भरलं तेव्हा ते लहान होते. इतका हलका गळ कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खाली आमचा उंबरा आहे. दार वाजवायचं नाही."

मी हसलो होतो.

रविवारी वारा होता. गारठ्याने त्यांची बोटं वळत नव्हती, म्हणून गळ मी बांधला. दोरी वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून जड बांधला. डब्यातला सगळ्यात जड. त्यांना सांगितलं नाही. मंडळी, मी त्यांना सांगितलं नाही.

गळ तळाला गेला. टक. दगडावर शिसं आपटलेलं दोरीतून कळतं. होडीच्या काठावर माझा हात होता, मलाही कळलं. वीस श्वास झाले नसतील. खालून आलं, टक, टक. मासा असा ठोकत नाही.

मी म्हणालो, "ओढा."

"थांबा की," ते म्हणाले. मग पाण्याकडे बघत हळूच विचारलं, "कौन है?" आणि मान खाली गेली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. असेल. त्यांच्या मुठीतून दोरी आम्हाला सोडवावी लागली. कापायचा धीर झाला नाही. बबनने ती बाभळीला बांधली.

त्यांच्या मुलीला, शबानाला, मी हे सगळं सांगितलं. गळाचंही सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, "अब्बूंना उत्तर आलं होतं का?"



उद्या सकाळी बबन आम्हा दोघांना तिथे नेणार आहे. दोरी कापायची की वर ओढायची, ते शबाना ठरवेल. ती म्हणते, आधी मी हातात धरून बघेन.

आता उभे राहू या. मिनिटं मोजू नका. वीस श्वास मोजा, त्यांच्यासारखे. आणि मध्येच कुठे ठोका ऐकू आला, तर कुणी हलू नका.