गोगलगाईंच्या गोळ्या

माझं नाव महादेवी. मी दुधनीची. आमच्या दुधनीत कानडी आन् मराठी शेजारी शेजारी नांदत्यात, आई हाक मारायची कानडीत आन् मी ओ द्यायची मराठीत, लगीन होईस्तवर असंच चाललं. बापाची थोडी तूर हुती आन् विहिरीला लागून भाजीचं वाफं हुतं, ते वाफं लहानपनापासून माझ्याकडं. काय सांगू तुमाला, मला शाळेत चौथीच्या पुढं काय जमलं न्हाय, पन मेथीला पानी कधी सोडायचं आन् कधी न्हाय ते मला कुनी शिकवावं लागलं न्हाय. गोगलगाईला आई बसवनहुळ म्हनायची, म्हंजी बसवण्णाचा किडा, तिच्या डोक्यावर नंदीसारखी शिंगं असत्यात की, म्हनून. पावसात एखादी दिसली तर आई ती उचलून बांधाला ठिवायची. नखाएवढी असायची ती. तिचा कुनाला राग येनार.

आमचे मालक शिवप्पा, अक्कलकोटजवळच्या खेड्यातले. लगीन झालं तवाच त्यास्नी सोलापुरात ह्या सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली. सात रस्त्याच्या चौकापासनं चालत धा-पंधरा मिंटं, चौदा बंगलं, मधी ही बाग, गेटाजवळ आमची खोली. ते गेटावर, मी बागेत. बावीस वर्सं झाली. आले तवा हितं काय हुतं, सांगा की, नुसतं गाजरगवत आन् बांधकामाचा राडा. हा झेंडू, ती जास्वंद, तो मोगरा, मागचं भाजीचं वाफं, समदं ह्या हातचं हाय. मी मोठेपना सांगत न्हाय, हाय ते सांगते.

आमचे मालक लई गरीब स्वभावाचे. कुनी काय सांगितलं की व्हय साहेब. लिवायला वाचायला येत न्हाय, सहीपुरतं नाव काढत्यात. त्याचा मला कधी राग आला न्हाय, आधी न्हाय आला.

तर ह्या गोगलगाई. चार वर्सांमागं आमच्या सेक्रेटरी साहेबांनी गेटाच्या दोनी अंगाला लावायला म्हनून कुटल्या तरी लांबच्या नर्सरीतनं टेम्पोभर पामच्या कुंड्या आनल्या. त्यांचं नाव मी सांगत न्हाय, सेक्रेटरीच म्हना. मोठ्या हापिसात अधिकारी हुते, रिटायर झालेत, पन हुकूम रिटायर झाला न्हाय. कुंड्या उतरवताना एक फुटली, मातीत पांढरंपांढरं दिसलं, साबुदाना भिजवल्यासारखं. मी म्हनले, साहेब, ही कशाची तरी अंडी हायत, ही माती बाहेर टाकू, झाडं नव्या मातीत लावू. ते म्हनाले, महादेवी, ते खत असतं, नर्सरीवाल्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. मी गप बसले. तवा गप बसले ह्याचा राग मला अजून सोताचाच येतो.

दुसऱ्या पावसाळ्यात बगा, तळहाताएवढ्या गोगलगाई. शंखी म्हनत्यात त्यास्नी. नखाएवढी न्हवं, मुठीत मावनार न्हाय अशी. दिवसा भिंतीच्या सांदीत, कुंडीच्या बुडाला दडून बसायच्या आन् अंधार पडला की निघायच्या. सकाळी बगावं तर झेंडूच्या रोपाचे नुसते दांडे, वांग्याची पानं चाळणी, पपईच्या खोडालाबी वरखडे. मीठ टाकलं, तर माती खराब झाली. चुना टाकला, पाऊस आला आन् व्हावून गेला. मंग गुळाच्या पान्यात पोती भिजवून ठिवली, सकाळी पोत्याखाली ढीगभर गोळा व्हायच्या, हाताला प्लास्टिकची पिशवी घालून मी त्या बादलीत भरायची. बादली भरायची पन त्या सरायच्या न्हाईत.

चार नंबर बंगल्यातल्या बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. एकट्या राहत्यात. त्या म्हनाल्या, महादेवी, तू एकटी किती येचनार, ह्यास्नी खानारं काय तरी आन. मला एकदम आठवलं, आमच्या दुधनीत तळ्याच्या अंगाला एकाकडं बातुकोळी हुती, म्हंजी बदकं, ती चिखलातनं किडे, गोगलगाई समदं मटकवायची. अक्कलकोटच्या बाजारातनं मी सहा बदकं आनली. सेक्रेटरींना इचारून आनली, बरं का, ते म्हनाले बघ, पण घाण व्हायला नको.

आता बदकं म्हंजी नुसती सोडली की काम झालं असं न्हाय. ती कवळी रोपंबी खात्यात. म्हनून मी नव्या वाफ्याला जाळी लावली. सकाळी उजाडायच्या आत सोडायची, दोन तास, गोगलगाई परत लपायच्या आत, मंग खुराड्यात. बारक्या ती गिळायची, मोठ्या मी दगडानं फोडून द्यायची. तुमी बगाया पाहिजे हुतं, साही जनी माना खाली घालून, चोची चालवत, ओळीनं एकीमागं एक जायच्या. आमचे मालक गेटावरनं बगत हसायचे. त्यांनीच त्यास्नी पान्याचा जुना टब आनून दिला, रोज धुवायचे त्यो.

आन् दुसरं एक. कडूमेंदीच्या दाट कुंपनात कुंभारकावळ्याची जोडी हुती. शहरातली मानसं भारद्वाज म्हनत्यात, आई केंबूत म्हनायची. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, मोठा पक्षी. त्योबी गोगलगाई खातो, शंख आपटून आपटून. बाईंनी मला दाखवलं, तवापासनं ते कुंपन मी कापू दिलं न्हाय. पालापाचोळाबी एका कोपऱ्यात ठिवला, त्यात काजव्याची काळी अळी असती म्हनं, ती शंखात शिरून गोगलगाय खाती. मी सोता बगितली. सेक्रेटरी साहेब रोज सकाळी गॅलरीत उभं राहून भारद्वाज दिसायची वाट बगायचे, दिसला की हात जोडायचे. दर्शन झालं, दिवस चांगला जाणार म्हनायचे.

एका पावसाळ्यात निम्म्यावर आल्या गोगलगाई. दुसऱ्यात बादलीच्या बुडाला धा-बारा. झेंडू असा आला की गणपतीला समद्या बंगल्यांनी हितलाच नेला. तरी सेक्रेटरींचं चालूच, बदकं ओरडत्यात, बदकं हागत्यात, पाहुने आले की लाज वाटते, ही सोसायटी आहे का गावातला उकिरडा. मी म्हनायची, मी धुते की साहेब. धूत हुतेच.

गेल्या श्रावणात भाचीच्या पोराचं बारसं, मी चार दिस दुधनीला गेले. जाताना मालकांना चार वेळा सांगितलं, सकाळी दोन तास सोडा, मंग कोंडा, पानी बदला. ते म्हनाले, व्हय की, जा तू.

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत आले. गेटाच्या आत पाय टाकला आन् आवाज न्हाय. मालक खुर्चीवर बसलेले, मान खाली. मी म्हनले, बदकं कुटं हायत. मी मागं गेले. साही जनी पडलेल्या, माना उलट्या वळलेल्या, पाय ताठ. एक टबात तोंड घालून मेलेली. आन् कडूमेंदीच्या बुडाला भारद्वाज. जोडीतला एक. डोळा उघडा, लाल. मातीवर समदीकडं निळ्यानिळ्या बारक्या गोळ्या, वाफ्यात, कुंपनाला, खुराड्याच्या दारात.

मी मालकांकडं आले. इचारलं, कुनी टाकल्या. ते म्हनाले, म्या. साहेबांनी डबा दिला, म्हनाले महादेवी यायच्या आत टाकून घे, गोगलगाई एकदाच्या संपतील, बदकं काढून टाकता येतील. मी म्हनले, आन् आधी बदकं कोंडायची न्हाईत का. ते म्हनाले, साहेब म्हनाले औषध फक्त गोगलगाईंचं हाय.

काय सांगू तुमाला, त्यानंतर मी त्या मानसावर काय काय बोलले. बावीस वर्सांत बोलले न्हाय ते बोलले. सेक्रेटरी परका हाय, त्याचा राग येतो आन् त्यो बाहेर काढता येतो. पन ज्यानं रोज टब धुतला त्यानंच खुराड्याच्या दारात गोळ्या टाकल्या, ह्याला काय करू. ते ऐकून घेत हुते. एकदाबी उलटून बोलले न्हाईत, त्याचाबी मला राग आला.

कचऱ्याच्या डब्यातनं मी त्यो गोळ्यांचा डबा उचलला. वर समदं इंग्रजी. ठिवून दिला.

रविवारी सोसायटीची मीटिंग हुती, हॉलमधी. मला कोन बोलावतंय, मी आपली त्यो डबा घिऊन गेले. भारद्वाज बाईंच्या फ्रीजमधी ठिवला हुता, हां, त्यांनीच ठिवून घेतला, त्यो फडक्यात बांधून आनला आन् सेक्रेटरीच्या टेबलावर सोडला. समदी उठून उभी राहिली. सेक्रेटरींनी खुर्ची मागं सरकवली. मंग म्हनाले, हे कशावरून गोळ्यांनी मेलं, पक्षी मरत असतात. मी म्हनले, सहा बदकंबी त्याच दिवशी मरत असत्यात का. तर म्हनाले, मी शिवप्पाला स्पष्ट सांगितलं होतं, फक्त बाहेरच्या भिंतीला टाक, त्याला कळलं नाही त्याला मी काय करू.

मालक दाराशी उभे. खाली मान. माझ्या अंगाची आग झाली. मी म्हनले, साहेब, तुमी मोठे अधिकारी हुता, तुमाला चार भाषा येतात. ह्यास्नी वाचायला येत न्हाय हे तुमाला बावीस वर्सं म्हाईत हाय. डबा तुमी दिला. त्याच्यावर काय लिवलंय ते वाचून तुमी दिला का.

बाईंनी माझ्या हातनं डबा घेतला. चष्मा लावला. आन् एकेक ओळ मराठीत सांगत गेल्या. इषारी आहे. पाळीव जनावरं आन् पक्षी लांब ठेवा. ढीग करून टाकू नका. लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. सहा नंबरची सून उठली आन् बाहेर गेली, तिचं पोरगं बागेत खेळत असतं की, ती पळतच गेली.

तवा दाराशी उभे असलेले मालक पुढं आले. म्हनाले, साहेब, तुमी भिंतीचं काय बोलला न्हवता. तुमी म्हनाला समदीकडं टाक, दारातबी टाक. मी टाकल्या. माझी चूक हाय. पन तुमी भिंतीचं काय बोलला न्हवता.

एवढंच. बावीस वर्सांत त्या मानसाला मी साहेबांसमोर एवढं बोलताना ऐकलं न्हवतं.

पुढं काय व्हायचं. मोठ्या लोकांचं काय हुतंय. माफी कुनी मागितली न्हाय. सेक्रेटरी म्हनाले गैरसमज झाला. बदकांची भरपाई देतो म्हनाले, मी घेतली न्हाय, सोसायटीनं नवी बदकं आनावीत आन् बागेत मला इचारल्याबिगर काय टाकायचं न्हाय, असं बाईंनी वहीत लिवून घेतलं, समद्यांनी सह्या केल्या. सेक्रेटरींनीबी केली. गोळ्या आमी दोघांनी हातानं येचल्या, वरची माती खरवडून काढली, तीन दिस लागले. त्या तीन दिसांत मी मालकांशी एक शब्द बोलले न्हाय. एका वाफ्यात शेजारी बसून येचत हुतो.

सेक्रेटरी अजून सेक्रेटरीच हायत. गॅलरीत येत्यात सकाळी, कुंपनाकडं बगत्यात. राहिलेला एक भारद्वाज कुटं गेला न कळे, ह्या पावसाळ्यात दिसला न्हाय. मला त्यांची कीव येत न्हाय. लोक म्हनत्यात, महादेवी, वरीस झालं, सोड की आता. कसं सोडू. त्यांना एक डबा वाचायचा हुता फक्त, आन् मला त्या फुटलेल्या कुंडीची माती उचलून बाहेर टाकायची हुती.

मालकांचं म्हनाल तर, आता फिनेलचा डबा आला तरी हातात धरत न्हाईत. म्हनत्यात, साहेब, आधी वाचून दाखवा. बल्बच्या खोक्यावरबी वाचून घेतलं त्यांनी परवा. सेक्रेटरी चिडत्यात, पन वाचत्यात. आमी बोलतो आता, जेवायला वाढते, दुखलं खुपलं बगते. पूर्वीसारखं न्हाय. व्हईल कधी तरी, न्हाय झालं तर न्हाय.

नवी आठ बदकं हायत, ती काय दिसत्यात बगा. गोगलगाई परत वाढल्या हुत्या, औषधानं संपत न्हाईतच त्या, आता पुन्हा कमी व्हायला लागल्यात. उद्या सकाळी लवकर या तुमी, उजाडायच्या आत, म्हंजी बगाया मिळंल. तुमच्या घरची समदी सुखात असूंद्यात. आता उठते, खुराड्यात पानी ठिवायचं हाय.